तीन साक्षीदार

केतूराकाकू आंघोळीला बसली होती आणि तिच्या ओट्यावर तीन साक्षीदार ताटकळत उभे होते. चौथे माझे सासरे, बनाजी. डोक्यावर टोपी, अंगात इस्त्रीचा पांढरा कोट, हात पाठीमागे बांधलेले. आतून पाणी ओतल्याचा आवाज यायचा, थांबायचा, जरा वेळाने पुन्हा यायचा.

एवढ्यात म्हैस धुऊन झाली असती, असं शिमशोन हळूच म्हणाला. शिमशोन एस.टी.चा ड्रायव्हर. त्याला दुपारची पेणची गाडी काढायची होती.

मी मोरीच्या दाराशी गेले. "काकू, झालं का?"

"होतंय."

"मामंजी खोळंबलेत."

"त्याला म्हणावं, सण तोंडावर आलाय, अंग नीट धुवायला नको?"

पुन्हा पाण्याचा आवाज. शिमशोनने घड्याळाकडे पाहिलं, मग मामंजींकडे, आणि चपला घालून निघून गेला. उरले दोन साक्षीदार, अबाजी मास्तर आणि माझा नवरा नहूम. दोन साक्षीदार चालत नाहीत. मामंजी ओट्यावरून उतरले, त्यांच्यामागून मास्तर आणि नहूम. ते अंगण ओलांडून आमच्या घरात शिरेपर्यंत मी तिथेच थांबले.

मग मोरीचं दार उघडलं. काकू बाहेर आली. तिचे केस कोरडे होते, लुगडं तेच होतं, पावलंसुद्धा भिजली नव्हती.

"गेला?" तिने विचारलं.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगते. आम्ही बेने इस्रायल. मांडवखारला आमचं एक सिनेगॉग आहे; गाव त्याला इस्रायलांची मशीद म्हणतं. भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला आमचा नव्याचा सण येतो, आणि त्याच्यामागून उपासाचा मोठा दिवस, दारफळणीचा सण. त्या दिवशी देव वर्षाचा हिशोब मिटवतो आणि संध्याकाळी दारं लावून घेतो, असं आम्ही मानतो. माणसाने देवाचं काही चुकवलं असेल तर ते त्या दिवशी माफ होतं. पण माणसाने माणसाचं चुकवलं असेल तर देव त्यात पडत नाही. आधी त्या माणसाकडे जायचं, माफी मागायची, मग देवापुढे उभं राहायचं.

मामंजी आमचे हजान होते. हजान म्हणजे प्रार्थना चालवणारा. पुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने बोलायचं काम त्यांचं. आणि त्यांनी त्या वर्षी जाहीर करून टाकलं होतं की वहिनीची, म्हणजे केतूराकाकूची, माफी मिळाल्याशिवाय, नाहीतर नियमाने मोकळं झाल्याशिवाय, ते दारफळणीला उभे राहणार नाहीत. ज्याचं स्वतःचं खातं उघडं आहे त्याने गावाचं खातं कसं मिटवायचं, असं त्यांचं म्हणणं. ते उभे राहिले नाहीत तर दुसरं कोणी नव्हतं. आमच्यातली अर्धी घरं तोवर इस्रायलला गेली होती. अबाजी मास्तरांना हिब्रू अक्षरं यायची, चाल यायची नाही. सणाला मुंबईहून नातेवाईक येणार होते, खाटा मागवून झाल्या होत्या, आणि त्या दिवशी सिनेगॉगमध्ये आवाज कोणाचा निघणार ते कोणालाच माहीत नव्हतं.

केतूराकाकू ही मामंजींच्या थोरल्या भावाची, हसाजीकाकांची बायको. काका त्याच्या आधीच्या थंडीत वारले. दोन्ही घरं एकाच अंगणात, मधे सामाईक विहीर. काकू लग्न होऊन आली तेव्हा मामंजी चड्डीत फिरत होते. तिने त्यांना जेवू घातलेलं, त्यांच्या उवा काढलेल्या. तीच काकू काका गेल्यापासून मामंजींशी एक शब्द बोलत नव्हती. उन्हाळ्यात मामंजींनी विहिरीवर पंप बसवला तेव्हा काकूने विहिरीवर येणंच सोडलं. कळशी घेऊन ती पार पंचायतीच्या नळावर जायची. मामंजींनी दोन आणि दोन चार केले. पंप बसवताना वहिनीला विचारलं नाही, म्हणून ती रागावली.

नव्याचा सण झाल्यावर ते तीन साक्षीदार घेऊन तिच्या दारात गेले आणि म्हणाले, "वहिनी, जाणता अजाणता माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ कर." काकू उंबऱ्यात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "नाही," आणि आत गेली.

दोन दिवसांनी ते पुन्हा गेले. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तेच उत्तर.

त्या संध्याकाळी मामंजींनी माणूस बोलावून पंप काढायला लावला. पंप गोणपाटात गुंडाळून पडवीत ठेवला, रहाटाला नवा दोर लावला आणि समाधानाने हात धुतले. हात धुवायचं पाणी मी ओढलेलं होतं. त्यानंतरचं सगळंच पाणी मी ओढलं. सिनेगॉगच्या भिंतींना चुना काढायचा होता, त्याचं पाणी. तोऱ्याच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ज्या कपाटात असतात त्या हेखालचा पांढरा पडदा धुवायचा होता, त्याचं पाणी. पितळी दिवे चिंचेने घासायचे होते, गाद्यांच्या खोळी, घरातली पांढरी लुगडी, पाहुण्यांच्या आंघोळी. घरात वर्षाचं पोर. दोर नवा होता आणि काथ्याचा होता. माझे तळवे सोलवटले होते. नहूमला दाखवले तर तो म्हणाला, खोबरेल लाव.

आणि पंप काढून जो तिसऱ्यांदा माफी मागायला गेला, त्याला ही कोरड्या केसांची बाई मोरीत बसून पाणी ओतत चकवत होती.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली आणि साक्षीदार पांगेपर्यंत आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी मामंजींनी पहाटेच माणसं गोळा केली, तर तिच्या दाराला कुलूप. ती खाडीवर मासळी बघायला गेली होती, असं शेजारणीने सांगितलं. येताना तिच्या हातात मासळी नव्हती. साक्षीदारांचीही तोंडं आता वाकडी व्हायला लागली होती. मास्तरांचे गुडघे दुखत होते. नहूमने तालुक्याच्या कचेरीतून रजा घेतली होती, ती या वरातीत संपत होती. शिमशोन म्हणाला, याच्यापेक्षा लग्नाला मुलगी मागणं सोपं.

मी कळशी उचलली आणि पंचायतीच्या नळावर गेले. काकू तिथे रांगेत होती.

"काकू, हे काय चालवलंय तुम्ही? एकदा समोर बसा आणि हो तरी म्हणा, नाही तरी म्हणा."

"नाही म्हणायचंच नाही मला."

"मग हो म्हणा."

"तेही म्हणायचं नाही." तिने कळशी नळाखाली सरकवली. तिचा बाप रेवदंड्याकडे कुठेसा हजान होता. नियम तिला मामंजींइतकेच पाठ होते. "तीन साक्षीदार घेऊन तीनदा विचारायचं. तिसऱ्यांदा 'नाही' ऐकलं की विचारणारा मोकळा. मग दोष 'नाही' म्हणणाऱ्याच्या माथी. बनाजीला माझी माफी नकोय, मिल्का. त्याला माझं तिसरं 'नाही' हवंय. ते एकदा मिळालं की तो कोट झटकून पुढे उभा राहील."

"पंप काढलाय त्यांनी."

तिने माझ्याकडे पाहिलं. "पंपाचं काय?"

"तुम्ही पंपावरून रागावलात ना?"

काकू हसली. त्या वर्षात मी तिला प्रथमच हसताना पाहिलं, आणि ते हसणं ऐकून मला बरं वाटलं नाही. "पंप," ती म्हणाली. कळशी भरली होती, ती तिने कमरेवर घेतली. "जाणता अजाणता. बघ, वर्षभर शेजारी राहून त्याला माहीत नाही. मी सांगू? चोराला मीच दाखवू काय चोरलं ते?"

"मला सांगा, मी सांगते त्यांना."

"तू गेल्या वर्षी नव्याच्या सणाला नव्हतीस," एवढंच म्हणून ती निघाली.

नव्हतेच. मी तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी होते. संध्याकाळी शिमशोन गाडी लावून परत आला तेव्हा मी त्याला रस्त्यात गाठलं. नव्याच्या सणाला मेंढ्याचं शिंग फुंकतात, शोफार. ते काम आयुष्यभर हसाजीकाकांचं होतं आणि आता शिमशोनचं आहे, हे मला माहीत होतं. ते कसं बदललं ते कोणी सांगितलं नव्हतं. काका म्हातारे झाले म्हणून, असं मी समजत होते.

शिमशोनला सांगायचं नव्हतं. मी त्याच्या सायकलची दांडी धरून उभी राहिले.

काकांना त्या वर्षी दम लागायचा, तो म्हणाला. मामंजी एकेक फुंक पुकारत होते आणि काका ती फुंकत होते. एक लांब फुंक मधेच तुटली. पुन्हा घेतली, पुन्हा तुटली. काकांनी शिंग ओठांना तसंच ठेवून डाव्या हाताने खूण केली, थांब. मामंजी म्हणाले, लोक खोळंबलेत. आणि शिंग त्यांच्या तोंडातून काढून घेऊन शिमशोनच्या हातात दिलं.

"काढून घेतलं म्हणजे?"

"म्हणजे ओढलं. जोरात नाही. पण ओढलं." त्याने सायकलची घंटी उगीच एकदा वाजवली. "मी ओठांना लावलं तर ते ओलं होतं. हसाजीकाका बाजूलाच उभे होते, माझ्याकडेच बघत होते. ओठ फुटला होता त्यांचा. मी फुंकलं. करणार काय? सगळे म्हणाले, छान झालं."

काका त्यानंतर सिनेगॉगमध्ये आले नाहीत. त्या दारफळणीला त्यांना ताप होता, असं घरात सांगितलं गेलं. थंडीत ते गेले.

मी घरी आले. मामंजी पडवीत बसून दिव्यांच्या वाती वळत होते. मी शिमशोनने सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. ते वाती वळत राहिले.

"फुंक तुटली होती," ते म्हणाले.

"हो."

"तुटलेली फुंक धरत नाहीत. पुन्हा घ्यावी लागते. एकाला जमत नसेल तर दुसऱ्याने घ्यायची. लिहिलेलं आहे."

"असेल."

"मग माझं चुकलं काय?"

"मला कुठे माहीत, मामंजी? मी माफी मागत नाहीये."

त्यांनी एक वात उलगडून पुन्हा वळली. "पंप उगाच काढला," ते म्हणाले.

माझ्या तोंडावर आलेलं मी गिळलं. दारफळणी आता परवावर आली होती. मी म्हटलं की शिंगाबद्दल माफी मागा आणि संपवा. ते म्हणाले, नियम पाळला त्याची माफी मागायची? मग उद्या सण पाळला त्याचीही मागायची. जे बरोबर केलं त्याची माफी मागणं म्हणजे देवासमोर खोटं बोलणं, आणि तेही दारफळणीच्या तोंडावर. मी विचारलं, मग आता? ते म्हणाले, आता काय, उभा राहणार नाही. मास्तरांना सांगा चाल शिकून घ्या.

नहूमला हे सांगितलं तर त्याने दोन्ही हात वर केले. एक बाई बोलत नाही आणि एक बुवा ऐकत नाही, मी मधे काय करू, म्हणाला. मास्तर खरंच पुस्तक घेऊन बसले. आमच्या ओट्यावरून त्यांचा आवाज येत होता. परीक्षेला बसलेल्या मुलासारखे ते तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते आणि प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी अडत होते. मुंबईचे पाहुणे यायला लागले. पाणी पुरत नव्हतं.

दारफळणीच्या आदल्या दिवशी गेलेली माणसं आपापल्या घरी येतात, अशी आमच्या जुन्या लोकांची समजूत आहे. सण संपला की दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, ती परत जातात. म्हणून आदल्या दिवशी त्यांच्यासाठी ताट करायचं. काकांचं हे पहिलंच ताट होतं. दुपारी मी काकूच्या मदतीला गेले. ती घारगे तळत होती, कोंबडीची कलेजी दुसऱ्या चुलीवर होती. ती म्हणाली की काकांना घारगे जाड लागायचे, पातळ केले तर कागद आहेत म्हणायचे. मी जाड थापत होते.

मागच्या दाराशी पावलं वाजली. मामंजी होते. कोट नव्हता, घरातला सदरा होता. त्यांच्या मागे कोणी नव्हतं.

काकूने झारा कढईत तसाच ठेवला. "साक्षीदार कुठायत?"

"आणले नाहीत."

"मग हे तिसऱ्यात मोजलं जाणार नाही."

"नको."

मी उठायला लागले तर काकूने हाताने खाली बसवलं. मामंजी उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. बराच वेळ ते चुलीकडे बघत होते. घारगा करपायला लागला होता, तो मी काढला.

"शिंग घ्यायलाच हवं होतं," ते म्हणाले.

काकूने दुसऱ्या चुलीवरची कलेजी हलवली.

"घ्यायला हवं होतं. पण ते त्याच्या ओठांना होतं. त्याने थांब म्हटलं होतं, मी बघितलं होतं ते. थांबलो असतो तर त्याने आपणहून खाली केलं असतं. आपणहून दिलं असतं." ते अडखळले. "ओठ फुटला त्याचा. मी विचारलंसुद्धा नाही."

"घरी आल्यावर मला म्हणाले, ओठाला दार लागलं," काकू म्हणाली. "मी वर बायकांच्या सज्जातून सगळं बघितलं होतं. तरी मला म्हणाले, दार लागलं. मरेपर्यंत तेच म्हणाले. तुझं नाव घेतलं नाही."

मामंजींनी भिंतीला हात टेकला.

"माफ कर, वहिनी."

काकूने कढईत नवा घारगा सोडला. तो फुगेपर्यंत तिने वाट पाहिली, उलटला, काढला. मला वाटलं, आता म्हणेल.

"हे तू माझ्या स्वयंपाकघरात बोललास, बनाजी," ती म्हणाली. "शिंग घेतलं कुठे होतंस?"

ते वळून गेले. मी हातातलं पीठ तसंच टाकलं. मला दोघांचाही राग आला होता. एकाने एवढं सांगायला वर्ष लावलं, आणि दुसरीला ते मिळालं तर पुरलं नाही. पाहुण्यांनी भरलेलं घर, चुना लावलेल्या भिंती, धुतलेले पडदे, हे सगळं त्या दोघांच्या मधे अडकून पडलं होतं. मी काकूला म्हटलं, आता तुम्ही सिनेगॉगमध्ये पण येणार नसाल. ती म्हणाली, "येणार तर. ह्यांना घरी बोलावून सणाच्या दिवशी मी एकटी घरात बसले तर हे विचारतील ना, का म्हणून."

आमचा सण आदल्या संध्याकाळीच लागतो. त्या संध्याकाळी मामंजी उभे राहिले. कोणाला काही बोलले नाहीत. मास्तर पुस्तक उघडून पुढे जायला निघाले होते, तेवढ्यात मामंजी मधल्या चौथऱ्यावर चढले आणि त्यांनी सुरुवात केली. मास्तरांनी सुटल्यासारखा श्वास सोडला, तो वर सज्जात बसलेल्या बायकांनाही ऐकू आला. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. माफी मिळाली नव्हती, तिसरं 'नाही'ही मिळालं नव्हतं. स्वतःचंच म्हणणं मोडून ते उभे होते, आणि ते त्यांच्या आवाजात कळत होतं. नेहमी खणखणीत असायचा तो आवाज दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खरखरीत झाला.

दुसऱ्या दिवशी सगळे पांढऱ्यात. खाली पुरुष, वर सज्जात आम्ही. काकू माझ्या शेजारी कठड्याला लागून बसली होती. दिवसभर तिने पुस्तकातून मान वर केली नाही. उपासाने मुलं किरकिरली, झोपली, पुन्हा उठली. उन्हं उतरली. शेवटची प्रार्थना सुरू झाली, दार मिटण्याची. त्या वेळी हेखालची दारं उघडी असतात आणि सगळे उभे असतात, ज्यांना उभं राहवत नाही तेसुद्धा. मग हेखाल बंद होतं, आणि शिंगाची एक लांब फुंक झाली की उपास संपतो. त्या फुंकीकडे सगळ्यांचे कान लागलेले असतात.

शिमशोन चौथऱ्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. मामंजींनी शिंग उचललं. त्यांनी ते त्याला द्यायचं, हा रिवाज. शिमशोनने हात पुढे केला.

मामंजींनी शिंग स्वतःच्या ओठांना लावलं.

मामंजींना शिंग कधीच जमलं नव्हतं, ही घरातली जुनी थट्टा होती. दोघा भावांना एकाच माणसाने शिकवलं. हसाजी फुंकायचा तर खाडीपलीकडे ऐकू जायचं, बनाजी फुंकायचा तर चूलसुद्धा पेटायची नाही, असं काकूच सांगायची, बोलत होती तेव्हा. आता ते सत्तरीचे, दिवसभर पोटात पाणी नाही.

फुस्स असा आवाज आला. नुसती हवा.

खाली कोणीतरी खोकलं. मामंजींनी शिंग खाली घेतलं नाही. श्वास घेतला आणि पुन्हा फुंकलं. या वेळी सूर लागला, क्षणभर, आणि कापड फाटावं तसा तुटला. मुंबईच्या पाहुण्यांत कुजबुज झाली. एकाने घड्याळाकडे बघितलं. मामंजींचा चेहरा काळवंडला होता, पण शिंग ओठांनाच होतं. डाव्या हाताने त्यांनी खूण केली, थांबा.

शिमशोन भला माणूस. त्याला ते बघवेना. तो एक पायरी चढला आणि शिंगाकडे हात नेला.

माझ्या शेजारी काकू कठडा धरून उभी होती. बायका वरून बोलत नाहीत. प्रार्थना चालू असताना तर नाहीच.

"शिमशोन, हात मागे घे," ती म्हणाली. "लोक थांबतील."

तिने आवाज चढवला नव्हता. तरी खालच्या सगळ्यांनी वर पाहिलं. शिमशोनने हात मागे घेतला. मामंजींनी वर पाहिलं नाही. त्यांनी डोळे मिटले होते.

लोक थांबले. बाहेर अंधारून आलं होतं. दिव्यांच्या ग्लासांत तेल तडतडत होतं. कोणाचं तरी मूल पाणी मागत होतं आणि त्याची आई त्याला गप्प करत होती. मामंजी नाकाने श्वास घेत उभे होते, आणि किती वेळ कोण जाणे, कोणीच काही म्हणालं नाही.

मग त्यांनी तिसऱ्यांदा फुंकलं. आवाज चांगला नव्हता. जाडा, घोगरा, वासरू आईला शोधतं तसा. खाडीपलीकडे तो गेला नसेल. पण तुटला नाही. श्वास संपेपर्यंत चालला, आणि संपला तेव्हा मामंजींनी शिंग आपल्या हाताने खाली केलं आणि शिमशोनला दिलं.

काकू खाली बसली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

माफ केलं, असं ती कधीच म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मामंजींनीही परत विचारलं नाही. मुंबईचे पाहुणे पुढे कितीतरी वर्षं सांगत होते की म्हाताऱ्याला त्या दिवशी उपासाने चळ लागला होता.

शिळ्या सणाच्या सकाळी मी विहिरीवर होते. पंप बसवल्यापासून लागलेल्या सवयीने मामंजी विहिरीच्या कट्ट्याला टेकून दात घासत होते. मागून बांगड्या वाजल्या. काकू कळशी घेऊन आली, कट्ट्यावर ठेवली आणि रहाटाकडे पाहिलं.

मी म्हटलं, "काकू, आज नळावर नाही गेलात?"

"नळाचं पाणी मचूळ आहे," ती म्हणाली. "इथे सकाळी हा दात घासत उभा असतो, म्हणून येत नव्हते."

मामंजी चूळ भरून तसेच उभे राहिले. काकूने माझ्या हातातला दोर घेतला. घेताना माझा तळवा उलटा करून पाहिला, बराच वेळ.

"बनाजी," ती म्हणाली, "पंप कुणी काढायला सांगितला होता तुला? आज लाव तो. पोरीचे हात बघितलेस?"